जंगल खणण्याची परवानगी

सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाची जागा आहे. १८५० च्या आसपास डॉ. बेल नावाच्या एका इंग्रजाने कोळशाच्या आशेने तिथे जमिनीचा शोध घेतला. हाती लागला तो कोळसा नव्हता. चुनखडकाच्या थरांबरोबर आलेला काळा, बिट्युमेनयुक्त शेल होता आणि त्या थरांत जाड, चकचकीत खवल्यांच्या प्राचीन माशांचे जीवाश्म होते. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्या माशांची चर्चा झाली, नावे ठरली. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये जेम्स यंग यांनी अशाच जातीच्या काळ्या खडकांतून तेल काढण्याचा कारखाना उभा केला होता. कोट्याचा शेल मात्र जागच्या जागी राहिला. पण या घटनेपासून एक धागा सुरू होतो आणि तो थेट आजच्या सुरजागडच्या लोहखाणीपर्यंत येतो. जमिनीखाली काय आहे हे शोधायला आलेल्या त्या पहिल्या माणसापासून आजवर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात खणण्याची परवानगी कोणी द्यायची, कोणाला विचारून द्यायची आणि कोणत्या अटींवर द्यायची, या प्रश्नाला काळानुसार निरनिराळी उत्तरे मिळत गेली. आपण इथे खनिजांचा इतिहास पाहणार नाही. त्यांच्या वरच्या जंगलाला राखणाऱ्या परवानगीचा माग काढणार आहोत.

बेल आले तेव्हा हा प्रदेश एका सत्तेखाली नव्हता. सिरोंच्याचा भाग १८६० पर्यंत निजामाकडे होता. उत्तरेकडचा चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, गोंड राजांची जुनी राजधानी, अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला. पूर्वेकडचा विस्तीर्ण वनप्रदेश अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांत वाटलेला होता. राजा कोणीही असो, जंगलाचा रोजचा व्यवहार तिथे राहणारे माडिया आणि गोंड लोक आपापल्या इलाक्यात पाहत. कोणत्या गावाचा इलाका कोणत्या नाल्यापर्यंत, कोणत्या डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही, मोहाची झाडे कोणाची, हे सगळे गाव बसून ठरवत असे. लोखंडही इथे निघत होते. लोहारा आणि पिंपळगावच्या टेकड्यांवरचा दगड फोडून, लाकडी कोळशाच्या लहान भट्ट्यांत तो वितळवून फाळ, कुऱ्हाडी आणि बाणांची टोके घडवली जात. भट्टी लहान असल्याने तिची भूकही लहान होती. अशा खोदकामाला लेखी परवाना नव्हता, तरी ते बेबंदही नव्हते, कारण खणणारा आणि खणण्याचे परिणाम सोसणारा हे एकाच पंचक्रोशीतले होते.

१८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड उभारले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८६१ मध्ये, मध्य प्रांत स्थापन झाला आणि चांद्याच्या जंगलाकडे कागदाच्या नजरेने पाहणे सुरू झाले. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाचा अहवाल १८६९ चा आहे. देशातला पहिला वन कायदा १८६५ चा, आणि जंगलाचे राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन भाग करणारा अधिक कडक कायदा १८७८ चा. त्याचीच सुधारलेली आवृत्ती १९२७ मध्ये आली आणि ती आजही लागू आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे, गुरे चारणे, लाकूड तोडणे, आग लावणे, दगड काढणे या सगळ्यांना या कायद्यांनी गुन्हा ठरवले. इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी. ही राखण मुख्यतः गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीपासून होती. सरकारला स्वतःला जंगल खणायचे असेल तर त्याला अडवणारे एकही कलम त्यांत नव्हते. जंगलाचा मालक, राखणदार आणि परवाना देणारा असा एकच हात झाला होता.

तो हात खणायलाही लागला. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा असल्याचे १८६० च्या दशकात निश्चित होत गेले आणि १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण सुरू झाली. ती चालवली खुद्द सरकारने. कोळसा वाहून नेण्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली गेली आणि तिचे नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे असे होते. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरचा आपला विस्तृत ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. आजही या भागातल्या कोळशाच्या अभ्यासाची सुरुवात त्याच्यापासून होते. वरोऱ्याची खाण तीसेक वर्षे चालली आणि १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूरला नवी खाण सुरू झाली होती. एक खाण संपली की पुढची उघडायची, आणि मागच्या खाणीखालच्या पोकळीचे काय करायचे हा प्रश्न कोणाच्याच दप्तरात नोंदवायचा नाही, ही रीत तेव्हापासून पडली.

याच काळात चांद्याच्या इतिहासात एक असे वळण आले, की ते वेगळ्या दिशेला गेले असते तर आजचा नकाशा ओळखू आला नसता. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या परदेशी तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोह उद्योगाच्या शक्यतांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याच्या टेकडीतला लोहदगड उत्तम आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ, असा तो योग होता. नागपूरला एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती हा अहवाल पडला आणि भारतात पोलाद बनवण्याचे त्यांचे स्वप्न चांद्याच्या जंगलात रुजले. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही. त्यातच त्या वेळचे खाणपरवान्यांचे नियम इतके जाचक होते, की योजना बाजूला ठेवावी लागली. १८९९ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांच्या काळात नियम सैल झाले, तेव्हा टाटांनी पुन्हा चांद्याचा परवाना घेतला. १९०४ च्या सुमारास अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड आणि जमशेटजींचे पुत्र दोराबजी बैलगाडीतून या जंगलात हिंडले. दगड चांगला होता, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतका नव्हता. निराश होऊन नागपूरला परतलेल्या दोराबजींना तिथल्या संग्रहालयात एक भूवैज्ञानिक नकाशा दिसला. प्रमथनाथ बोस यांच्या सर्वेक्षणातले दुर्गजवळचे लोहसाठे त्यात दाखवले होते. तिथून शोध पूर्वेला सरकला, पुढे बोस यांच्याच पत्राने तो मयूरभंजला पोहोचला आणि साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला. चांद्याचे जंगल तेव्हा वाचले ते कोणत्याही कायद्यामुळे नाही. कोळसा कच्चा निघाला आणि दगड कमी पडला, एवढेच त्याचे कारण. परवान्यांचे नियम आधी जाचक होते तेही जंगलाच्या काळजीपोटी नव्हते.

सरकारी जमिनीतले खनिज कोणाच्या हाती द्यायचे, हा पेच त्या काळी जगभर पडलेला होता. अमेरिकेत कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांतल्या सरकारी जमिनींखाली तेलशेलचे अफाट थर सापडले होते. तिथे आधी दावा ठोकेल त्याची जमीन असा प्रघात होता. १९२० च्या कायद्याने तो मोडला आणि जमीन सरकारकडे ठेवून फक्त भाडेपट्टा देण्याची पद्धत आणली. पुढे १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी आदेश काढून तेलशेलच्या सरकारी जमिनी पट्ट्यांसाठीही बंद करून ठेवल्या. सरकारने स्वतःच स्वतःच्या हाताला घातलेला तो लगाम होता. भारतात १९२७ च्या वन कायद्यानंतर असा लगाम यायला आणखी ५३ वर्षे लागली.

मधल्या काळात स्वातंत्र्य आले. मध्य प्रदेशाच्या कायद्याने १९५१ मध्ये मालगुजाऱ्या आणि जमीनदाऱ्या संपल्या आणि अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतली जंगले सरकारजमा झाली. गावांना सरपण, बांबू, चराई, मोहफुले यांवरचे निस्ताराचे हक्क कागदावर नोंदवून मिळाले. त्यांची अंमलबजावणी मात्र वनखात्याच्या मर्जीवर राहिली. पुढे बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबूचे पट्टे मिळाले आणि ज्या बांबूच्या तट्ट्यांवर घर उभे राहते तो बांबू तोडला म्हणून गावकऱ्यावर गुन्हा दाखल होऊ लागला. १९५५ मध्ये ताडोबाला राष्ट्रीय उद्यान झाले. १९५७ मध्ये दोन कायदे आले. एक खाणी व खनिजांचा आणि दुसरा कोळसा असलेल्या जमिनी सरकारी कंपन्यांसाठी संपादन करण्याचा. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे इथल्या माणसाच्या तोंडची ‘वेकोलि’, स्थापन झाली. वरोऱ्यात जे सुरू झाले होते त्याचेच हे मोठे रूप. मालक, परवाना देणारा आणि खणणारा, तिन्ही पुन्हा सरकारच.

याच टप्प्यावर खणण्याची तऱ्हाही बदलली. भूमिगत खाणींच्या जोडीला उघड्या खाणी आल्या आणि वाढत गेल्या. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती, माजरी ही नावे चंद्रपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातली झाली. उघड्या खाणीच्या काठावर उभे राहून खाली पाहिले, की पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेला खड्डा दिसतो. वर काळी माती, खाली पिवळसर-तांबूस वालुकाश्म आणि अगदी तळाशी कोळशाचा काळा पट्टा. तळाशी फिरणारे डंपर वरून खेळण्याएवढे दिसतात. एक टन कोळसा हाती येण्यासाठी कित्येक खाणींत चार-पाच घनमीटर माती-दगड आधी उपसून बाजूला टाकावा लागतो. त्याचे ढिगारे वर्षानुवर्षे वाढत जाऊन टेकड्या होतात. इरई आणि वर्धा नद्यांच्या काठी अशा टेकड्या उभ्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांची माती नदीत उतरते. त्यांच्यावर वेडी बाभूळ माजते आणि त्या झाडोऱ्यात बिबटे, कधी वाघही, आसरा घेतात. दुर्गापूर आणि महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात माणसांवर हल्ले होऊ लागले ते याच झाडोऱ्यातून. सुपीक जमीन आणि जुने जंगल देऊन हे नवे रान आपण पदरात घेतले आहे.

आता आपण १९८० पाशी येतो. स्वातंत्र्यानंतरच्या तीस वर्षांत देशातले ४० लाख हेक्टरांहून अधिक जंगल शेती, धरणे, खाणी आणि कारखान्यांसाठी वळवले गेले होते. राज्य सरकारे एका आदेशाने जंगल मोकळे करत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेला आणि २५ ऑक्टोबर १९८० रोजी वनसंवर्धनाचा अध्यादेश निघाला. त्याचाच पुढे कायदा झाला. तो अगदी लहान आहे, पण त्याने केलेला बदल मोठा होता. केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही राज्याला वनजमीन वनेतर कामासाठी देता येणार नाही. म्हणजे प्रथमच असे घडले, की जंगल देऊ इच्छिणाऱ्या सरकारला दुसऱ्या कोणाला तरी विचारणे भाग पडले. हूव्हर यांच्या आदेशासारखी ती बंदी नव्हती, पण मालकाच्या हाताला दुसरा हात आडवा आला. वळवलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्याची अट याच कायद्याच्या अंमलबजावणीतून रूढ झाली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला आणि लगेच त्याच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन धरणे बांधायची होती. त्यांत माडियांची गावे आणि उत्तम सागवानाचे जंगल बुडणार होते. आदिवासी नेते लालश्याम शाह महाराज आणि बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि १९८४ मध्ये गडचिरोलीत हजारो आदिवासी एकत्र आले. धरणे बारगळली. पण आंदोलनाचा खरा ठेवा वेगळाच होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात लोक नियमाने बसून आपल्या जंगलाचा विचार करू लागले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी कायमची जोडली गेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राच्या पाठ झाली. बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा आणि निर्णयाआधी अभ्यास करायचा, ही तिथली शिस्त होती. इंग्रजांनी गावाकडून नेलेला जंगलाचा निर्णय एका गावाने कायदा येण्याची वाट न पाहता परत आपल्या हाती घ्यायला सुरुवात केली.

नंतरची तीस वर्षे सुरक्षाकवचांच्या घडणीची आहेत. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय परिणामांचा आढावा सक्तीचा करणारी अधिसूचना निघाली आणि १९९७ मध्ये जनसुनावणी बंधनकारक झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला १९८० चा कायदा लागू होतो. पूर्व विदर्भातल्या महसुली दप्तरांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनींचा वाद याच धाग्यातला. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंतच्या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी वनजमिनीच होत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. गोदावर्मन निकालानंतर काही दिवसांतच, २४ डिसेंबर १९९६ रोजी, अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला. आणि २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. आदिवासी आणि अन्य वननिवासींवर इतिहासात अन्याय झाला, असे तो आपल्या प्रास्ताविकेतच मान्य करतो. १८७८ च्या कायद्याला १२८ वर्षांनी दिलेले हे उत्तर होते.

२००९ हे या सगळ्या कथेतले सर्वांत दाट वर्ष. त्या वर्षी चंद्रपूर शहराजवळच्या लोहारा कोळसा क्षेत्रात अदानी समूहाच्या खाणीचा प्रस्ताव पेटला. ही खाण ताडोबाच्या जंगलाला लागून होती आणि वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर येत होती. टाटांनी पाहिलेली लोहाऱ्याची टेकडी निराळी आणि हे लोहारा निराळे. नाव मात्र एकच. ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केले, शहर त्यांच्यामागे उभे राहिले आणि काही महिन्यांतच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या प्रकल्पाची वाट बंद केली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वेक्षणात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे ठरले. ३ ऑगस्ट २००९ रोजी मंत्रालयाने परिपत्रक काढले, की वनजमीन वळवण्याआधी वनहक्कांची पूर्तता झाली पाहिजे आणि ग्रामसभेची संमती असली पाहिजे. त्याच महिन्यात कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याची आणि त्यासाठी आधीच पैसा बाजूला ठेवण्याची सक्ती केली. वरोऱ्यात १९०६ मध्ये जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो शंभर वर्षांनी नियमात आला. आणि वर्ष संपता संपता मेंढा (लेखा)ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. परवाना ही वस्तू दीडशे वर्षे वनखात्याच्या कपाटात राहिली होती. आता ती गावाच्या हाताने, गावाच्या सहीने फाडली जाणार होती.

खाण बंद करण्याच्या नियमाला किती महत्त्व आहे, हे घुग्घुसने दाखवून दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या अमराई वॉर्डातले एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर पडली म्हणून वाचली. नंतर आजूबाजूची घरेही रिकामी करावी लागली. कोळसा काढणारे, वापरणारे आणि त्या कोळशावर आगगाड्या पळवणारे कधीच निघून गेले होते. खालची पोकळी मात्र वरच्यांच्या नशिबी राहिली. परवानगीच्या कागदावरची प्रत्येक अट अशा एखाद्या घरासाठी असते.

आता गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडकडे वळू. लोहखनिजाने भरलेल्या या डोंगररांगेवर माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. २००७ मध्ये ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉयड्स मेटल्स कंपनीला मिळाला. टाटांना लोहाऱ्यात जे कमी पडले होते ते इथे मुबलक होते. पण हा भाग नक्षलवाद्यांच्या दबदब्याखाली होता. २०१३ मध्ये त्यांनी कंपनीच्या एका अधिकाऱ्यासह तिघांची हत्या केली. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि त्याच डिसेंबरात सुमारे ८० वाहने जाळण्यात आली. २०२१ पासून मात्र खाण जोमाने चालू आहे. २०२३ मध्ये उत्पादनाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टन झाली आणि २०२५ मध्ये २ कोटी ६० लाख टनांना मंजुरी मिळाली. त्याच वर्षी लोहखनिज शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन आणि एक लाखाहून अधिक झाडे देण्याचा मार्गही मोकळा झाला. रोजगार आला, पैसा आला, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोहखनिजावर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. या जिल्ह्याची गरिबी ज्यांनी जवळून पाहिली आहे ते याला क्षुल्लक म्हणणार नाहीत. पण परवानगीच्या कागदाकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. खाणविस्ताराची जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी, असे पर्यावरणीय परिणामांच्या आढाव्याची २००६ ची अधिसूचना सांगते. ऑक्टोबर २०२२ ची सुनावणी मात्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात झाली. एटापल्लीच्या आतल्या टोल्यावरून तिथे पोहोचायला लागणारा वेळ आणि खर्च ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या अंतराचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यानंतर २०२३ मध्ये सुरजागडच्या आसपासच्या आणखी क्षेत्रांचे लिलाव झाले आणि तोडगट्टा येथे अनेक गावांचे आदिवासी महिनोन्‌महिने धरणे देऊन बसले. त्यांची पहिली मागणी आम्हाला विचारा, ही होती.

विचारण्याचा क्रमही याच काळात बदलला. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचा कौल घ्यायला लावला होता आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला होता. २०२२ च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राला आधी अंतिम मान्यता देण्याची मुभा दिली आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने पाहावी, असे ठरवले. २०२३ मध्ये १९८० च्या कायद्याचे नाव बदलले आणि व्याप्तीही आकसली. शहरांजवळचा आवाज मात्र अजून ऐकला जातो. २०२० मध्ये ताडोबाजवळचे बंदर कोळसा क्षेत्र लिलावाच्या यादीत आले, तेव्हा राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिले आणि ते क्षेत्र वगळले गेले. ताडोबाच्या वाघाला देशभर साक्षीदार आहेत. सुरजागडच्या ठाकूरदेवाला ते नाहीत, म्हणून तिथे कागदावरचे कवच अधिक भक्कम असायला हवे.

हा सगळा रस्ता एकदा मागे वळून पाहिला, तर दोन गोष्टी ठळक होतात. पहिली अशी, की यातले एकही कवच आयते मिळालेले नाही. १९८० चा कायदा लाखो हेक्टर जंगल गेल्यावर आला, १९८६ चा कायदा भोपाळच्या बळींनंतर, वनहक्क कायदा सव्वाशे वर्षांच्या अन्यायानंतर, आणि लोहाऱ्याचे जंगल एका माणसाच्या उपोषणाने व एका शहराच्या जागेपणाने टिकले. दुसरी गोष्ट अशी, की परवानगी जितकी जंगलापासून दूर गेली तितकी ती स्वस्त झाली. चांद्याहून नागपूरला, नागपूरहून मुंबई-दिल्लीला गेलेल्या कागदावर जंगल हेक्टरांत मोजले जाते आणि त्याचा मोबदला रुपयांत भरता येतो. पर्यायी वनीकरणाचा निधी खात्यात जमा होतो, रोपे कुठेतरी लागतात. पण मोहाचे रोप पहिली फुले द्यायला आठ-दहा वर्षे घेते आणि ते लागते ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी गावाच्या शिवारात. मोहफुले वेचणाऱ्या बाईचा तो हंगाम तिला परत मिळत नाही. खनिजाच्या स्वामित्वधनातून जिल्ह्यासाठी निधी उभारण्याची २०१५ ची तरतूद चांगली आहे. तरीही नुकसान झाल्यावर दिलेला पैसा आणि नुकसानीआधी विचारलेला प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

देशाला पोलाद लागणार, अजून काही काळ कोळसाही लागणार. सगळे खोदकाम थांबवा, असे हा मागोवा सांगत नाही. त्याचे सांगणे क्रमाबद्दल आहे. ग्रामसभेचा ठराव ही फाईलमधली शेवटची औपचारिकता न राहता पहिले पान व्हायला हवे. तो तिच्या भाषेत, तिच्याच गावात, पुरेशी माहिती हातात देऊन घेतलेला असावा आणि त्यात नकाराला होकाराइतकाच मान असावा. जनसुनावणी एटापल्लीतच व्हावी. खाण बंद झाल्यावर खड्ड्याचे आणि ढिगाऱ्यांचे काय होणार, हे पहिला स्फोट होण्याआधी गावाला लेखी मिळावे. यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. पेसा, वनहक्क कायदा, २००६ ची अधिसूचना आणि २००९ ची परिपत्रके यांत हे सगळे आधीच लिहिलेले आहे आणि मेंढ्यासारख्या गावाने ते चालवून दाखवले आहे. दीडशे वर्षांत सरकारने जंगल खणण्याची परवानगी सर्वांना दिली. ती देण्याचा पहिला अधिकार ज्यांच्याकडून घेतला होता त्यांना तो पुरतेपणी परत करणे, हेच या जिल्ह्यांच्या पुढच्या प्रत्येक खाणपट्ट्याआधीचे काम आहे.